आमची गाजलेली गाणी आणि एक आंदण

आमच्या बँडचं एकही गाणं कधी गाजलं नाही. तरीही आम्ही 'निवडक गाजलेली गाणी' नावाचा संग्रह काढला आणि इंटरनेटवर चढवला. कल्पना गिटारवाल्याची. "मॅडम, लोगां पहले नाम देखते, गाना बाद में सुनते," असं त्याचं म्हणणं. लोकांनी नाव पाहिलं, एवढं खरं. पुढचं काम त्यांनी केलं नाही.

आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतो. म्हणजे काय, ते मला दर दिवाळीत नातेवाइकांना समजावून सांगावं लागतं, तर तुम्हालाही सांगते. साध्या गाण्यात मात्रा चारच्या हिशेबात चालतात. आमच्याकडे सात किंवा अकरा, आणि मनात आलं तर मध्येच बदलतात. साधं गाणं चहा उकळेपर्यंत संपतं. आमचं सुरू असताना चहा होतो, पिऊन होतो, कपबशा विसळूनही होतात. शिवाय गाणं संपलं असं वाटून लोक टाळ्या वाजवतात, तेव्हा ते संपलेलं नसतं. ही आमच्या पंथाची खास खोड. हे सगळं ऐकून माझी मामी म्हणाली, "म्हणजे लांबलेलं कीर्तनच की." मी रागावून फराळाचं ताट अर्धं सोडून उठले. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

मी सिडकोत गणिताचे क्लास घेते आणि बँडमध्ये कीबोर्ड वाजवते. गिटारवाल्याच्या घरचं शहागंजात गाद्या-रजयांचं दुकान आहे. बेसवाला वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर असतो आणि तालमीला नेहमी अर्धवट झोपेत येतो. तालमीची खोली मुकुंदवाडी स्टेशनाजवळ, पिठाच्या गिरणीच्या वर. खाली गिरणी आणि पलीकडे रेल्वे, त्यामुळे आवाजाची तक्रार कुणी केली नाही. उलट एकदा गिरणीवाला वर येऊन म्हणाला होता की तुमच्यामुळे आम्हाला बरं वाटतं, आता आम्ही एकटेच नाही.

आमचं सर्वांत मोठं गाणं म्हणजे 'नळ'. आमच्या शहरात नळाला पाणी आलं की माणूस शेजाऱ्यांना फोन करून आनंदाची बातमी देतो, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याचे भाग तीन: 'वाट', 'मोटार' आणि 'गेलं'. 'वाट' या भागात जवळजवळ काहीच वाजत नाही. अधूनमधून एक टक्. नळाखालच्या रिकाम्या बादलीत एखादा थेंब पडतो ना, तसा. मग बराच वेळ पुन्हा शांतता. एका कॉलेजच्या कार्यक्रमात या भागात संयोजकानं येऊन आमच्या वायरी तपासल्या होत्या.

दुसऱ्यांच्या गाण्यांना आपला साज चढवून वाजवायचं, हाही आमचा उद्योग. त्यात आम्ही कुणाच्या गाजलेल्या गाण्याच्या वाटेला गेलो नाही. आम्ही घेतली घंटागाडी. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या गाडीवर जी धून वाजते ती. ती सगळ्या शहराला पाठ, तिच्यावर कुणाचं प्रेम नाही, आणि सात मात्रांत ती इतकी झकास बसते की काय सांगू. पहिल्याच तालमीला आम्ही खिडक्या उघड्या ठेवून ती वाजवली. गाणं रंगात आलं तेव्हा खाली गल्लीत सगळे शेजारी आपापल्या कचऱ्याच्या बादल्या घेऊन उभे होते, ओला वेगळा आणि सुका वेगळा.

त्यातलीच एक मुलगी बादली घेऊन जिना चढून थेट वर आली.

"घंटागाडी कुठंय?"

"आलेली नाही. आम्ही वाजवत होतो," मी म्हणाले.

"मंग आता ह्या कचऱ्याचं काय करू? तुमच्या पेटीत टाकू का?"

पेटी म्हणजे माझा कीबोर्ड. मी भडकले, तीही भडकली. भांडताना ती प्रत्येक शब्दाला दुसऱ्या हातानं बादली बडवत होती. गिटारवाला मात्र डोळे मिटून बोटं मोजत बसला होता. भांडण ऐन भरात आलं असताना तो म्हणाला, "मॅडम, जरा रुको. ये लडकी सात में झगडती." आमचा आधीचा ड्रमवाला नुकताच पुण्याला नोकरीला गेला होता. त्या दिवशी कचरा आमच्या खोलीतच राहिला आणि मुलगीही बँडमध्ये राहिली.

तिचं घर फर्दापूरकडचं. आजोबांपर्यंत मेंढरं, आता शेती आणि मजुरी. घरात काका-चुलत्यांचे ढोल. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसून ढोल वाजवायची आणि वयात आल्यावर, आता पोरीनं वाजवू नये म्हणून, उठवली गेली. शहरात ती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. मला ताई म्हणायची. तिच्याइतकी हसणारी माणसं मी फार पाहिली नाहीत, आणि ती सर्वांत जास्त हसायची ते ड्रमच्या मागे बसल्यावर. ड्रमसेट आम्ही चौघांनी मिळून एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतला होता. मोठ्या ढोलाचा आवाज फार घुमू नये म्हणून गिटारवाल्यानं दुकानातली एक जुनी गोधडी त्याच्या पोटात कोंबून ठेवली होती.

दोन वर्षं असं सुखात चाललं आणि तिचं लग्न ठरलं.

मुलगा पिशोरचा. खतं-बियाण्यांचं दुकान चालवणारा, कमी बोलणारा. तो एकदा तालमीला आला आणि अख्खा 'नळ' त्यानं मोबाइल न बघता ऐकला. आमच्या आईवडिलांनीही हे केलेलं नाही. मला तो एकदम पसंत पडला. पण सुपारी फुटली त्या दिवशी सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि भर बैठकीत सांगितलं, "पोरगी चांगली हाय. नोकरी करंल तर करू द्या, कन्नडला दवाखाने लई हायेत. पन ते बडवाबडवीचं लग्नापस्तोर. मंग बंद. सुनंनं ढोल बडवलेलं घरात शोभत नाय."

तिचे वडील म्हणाले, "बंद म्हंजे बंद."

तिला विचारलं तर ती खाली बघून म्हणाली, "व्हय."

परतीच्या बसमध्ये मी तिला फाडून खाल्लं. व्हय काय व्हय? तोंड नाही का तुला? आमच्याशी भांडायला बादली घेऊन आली होतीस ना? ती खिडकीबाहेर बघत होती.

"ताई, सगळंच कुठं मिळतंय? मानूस चांगला हाय. ढोल काय, गेला तर गेला."

आणि हे म्हणताना तिची बोटं पुढच्या सीटच्या दांडीवर वाजवत होती. तिच्या ते लक्षातही नव्हतं. मला तिचा राग आला, मग तिच्या सासऱ्यांचा, मग कंडक्टरचा, कारण तोच जवळ होता. घरी गेल्यावर मात्र मी रडले. आम्हाला दुसरा ड्रमवाला मिळाला असता. तिला दुसरे हात मिळणार नव्हते.

माझ्या डोक्यात मग एक योजना आली. सासऱ्यांनी तिला वाजवताना ऐकलेलंच नव्हतं. हे संगीत किती सुसंस्कृत, किती सोवळं आहे, हे त्यांना एकदा पटवून दिलं की झालं. आणि त्यासाठी मंगलाष्टकांसारखी दुसरी संधी नाही. तिथं वरबाप उठून जाऊ शकत नाही.

मंगलाष्टकं मी आयुष्यभर ऐकत आले, पण गणिताच्या नजरेनं पहिल्यांदाच पाहिली. शार्दूलविक्रीडित. एका ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यापाशी थांबा, मग सात. बारा अधिक सात! मी बेसवाल्याला फोन करून पाळीच्या मध्येच उठवलं आणि ओरडले की आपले पूर्वज प्रोग्रेसिव्ह रॉकच वाजवत होते, फक्त आपल्याला कुणी सांगितलं नाही. तो म्हणाला, "बरं," आणि पुन्हा झोपला असावा.

अडचण एकच होती. ज्या लग्नात ड्रम वाजवून दाखवायचे, त्या लग्नात ड्रम वाजवणारी बोहल्यावर उभी राहणार. तेव्हा ड्रमवर बेसवाला बसेल असं ठरलं. तिनंच त्याला शिकवलं. तालमीत ती त्याच्या मागे उभी राहून त्याच्या पाठीवर ठेका द्यायची. बिचारा पाठीला बाम लावून पाळीवर जायचा. शेवटच्या कडव्याआधी मी एक विराम ठेवला होता, पूर्ण शांततेचा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा आणि मग सगळी वाद्यं एकदम कोसळावीत, असा. तो विराम माझ्या आजवरच्या कामातला सर्वोत्तम आहे असं मला वाटत होतं.

लग्न फर्दापूरला, त्यांच्या दारातल्या मांडवात. व्यासपीठ लहान असल्यामुळे आमचा ड्रमसेट खाली एका बाजूला मांडला. त्याच बाजूला आंदण मांडलेलं होतं: पलंग, कपाट, मिक्सर, पंखा, पिंप, पितळेचा हंडा, डब्यांची उतरंड. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, मुलीबरोबर सासरी जे सामान द्यायचं ते आमच्याकडे असं चारचौघांना दिसेल असं मांडतात. आलेल्या बायका हात लावून, उघडून, वाजवून बघतात. ड्रमसेटलाही त्यांनी हात लावून बघितलं. एका आजीनं झांजेवर टिचकी मारली आणि समाधानानं मान हलवली.

अंतरपाट धरला. इकडं नवरदेव, तिकडं आमची ड्रमवाली, हातात हार. आम्ही गात-वाजवत सुरू केलं आणि खरं सांगते, पहिली कडवी सुरेख झाली. गुरुजी सुरुवातीला दचकले, मग बोटांवर एकोणीस मोजून त्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. सासरे नवरदेवाच्या मागे ताठ उभे होते. त्यांच्या मिशीतून काही कळत नव्हतं.

मग आला माझा विराम.

लग्नाच्या मांडवात मंगलाष्टकं थांबली याचा एकच अर्थ असतो, हे महाराष्ट्रातल्या लहान पोराला कळतं. मला कळलं नव्हतं. शांतता पडली आणि अख्ख्या मांडवानं हातातल्या सगळ्या अक्षता एका दमात फेकल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो ओढून घेतला. बाहेर टपून बसलेल्या बँडवाल्यांनी ट्रंपेट फुंकलं, कुणीतरी फटाक्यांची लड लावली, आणि मागच्या रांगा उठून जेवणाच्या बाजूला धावल्या. नवरदेवानं हारासाठी मान पुढे केली. माझं शेवटचं कडवं त्या गोंधळात सुरू झालं आणि कुणालाच ऐकू आलं नाही, आम्हालाही नाही.

"अहो थांबा! मुहूर्त व्हायचाय अजून!" गुरुजी दोन्ही हात वर करून ओरडत होते. "धरा, धरा, अंतरपाट धरा!"

पुन्हा अंतरपाट धरला गेला. नवरदेवानं मान मागे घेतली. पाहुण्यांनी खालच्या आणि एकमेकांच्या डोक्यांतल्या अक्षता वेचल्या. पंगतीवरून लोकांना परत आणताना बराच दम गेला. एक गृहस्थ पत्रावळ हातात घेऊनच उभे राहिले, आता ही सोडणार नाही अशा बेतानं.

आता शेवटचं कडवं पुन्हा. पण बेसवाला इतका घाबरला होता की त्याची मोजणीच गेली. पहिली मात्रा कुठं, हेच कुणाला सापडेना. गिटार एकीकडे, कीबोर्ड दुसरीकडे. मी वर्गातल्यासारखी मोठ्यानं ओरडले, "एक! दोन! तीन!" तर मांडवातली पोरंसोरं माझ्याबरोबर मोजू लागली आणि बाराच्या पाढ्यावर गेली.

तेवढ्यात आवाज आला. ठक्.

अंतरपाटाच्या मागून. मग पुन्हा, बरोबर जागेवर. ठक्.

नवरी ज्या पाटावर उभी होती त्यावर ती टाच मारत होती. शालू, मुंडावळ्या, हातात हार, चेहरा अगदी गरीब गाईचा, आणि खाली टाच. बेसवाल्याला मात्रा सापडली, गिटारवाला हसला, मी वाजवायला लागले. आम्ही ते कडवं तिच्या टाचेवर पार केलं. शेवटच्या ओळीला पाटाची एक फळी निसटली. तदेव लग्नं झालं, यावेळी खरंखुरं, आणि अक्षतांमध्ये फुलांबरोबर थोडे खडेही आले.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते तिच्या पायांकडे बघत होते. मग वळून मानपानाकडे गेले. माझी योजना पार पाण्यात गेली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवणात मी बुंदीला हातही लावला नाही. गिटारवाल्यानं माझी बुंदीही संपवली आणि वर म्हणाला, "टेन्शन नक्को लो, मॅडम. शादी तो हो गई ना."

पाठवणी झाली. ती माझ्या गळ्यात पडून रडली. वऱ्हाडाच्या गाड्या गेल्या. आम्ही आमचं सामान आवरायला मांडवात आलो, तर तिथं जमिनीवर एक ड्रमची काठी पडलेली होती. बाकी काही नव्हतं. पलंग नाही, कपाट नाही, मिक्सर नाही, आणि ड्रमसेट नाही.

चौकशी केली. वराकडच्या माणसांनी आंदण टेम्पोत भरताना नवरीच्या मावशीला विचारलं होतं, "हे बी पोरीचंच का?" मावशी म्हणाली, "व्हय, तिचंच की. तीच वाजवायची." मावशीचं काय चुकलं?

दोन दिवसांनी नवरीचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"ताई, समदं उतरवून वसरीत लावलंय. कपाटाशेजारी. मी हात बी नाय लावला. मामा येता-जाता बघतेत, बोलत काय न्हाईत. तुमी येऊन घेऊन जा. माझ्यानं बघवत नाय ते."

मी म्हणाले, येते. कार्तिकस्वामीसारखं बँडनं आता कायमचं सडं राहायचं नव्हतं, दुसरा ड्रमवाला शोधायचा तर ड्रम हवेतच. पण फोन ठेवल्यावर मला वाटलं, तिच्या डोळ्यांसमोरून ते उचलून आणणं हे काम आपल्याच्यानं होईल का? पूजा, जागरण-गोंधळ सगळं आटपू दिलं आणि मग गिटारवाल्याच्या दुकानाचा टेम्पो घेऊन आम्ही दोघं पिशोरला गेलो.

अंगणात शिरताच मी थबकले. मोठी झांज उलटी करून तिच्यात कुरडया वाळत घातल्या होत्या. एका ड्रमवर तांब्या-भांडं. आणि दोरीवर, सगळ्या गावाला दिसेल अशी, ढोलाच्या पोटातली गोधडी धुऊन वाळत घातलेली.

सासूबाई आमचं स्वागत करायच्या आधी गोधडीवर घसरल्या. "आंदणात मळकी गोधडी देतेत व्हय कुठं? ती बी ढोलात दडवून! म्या गप धुतली, म्हनलं जाऊ द्या, लोकायला कशाला दाखवायचं."

गिटारवाल्याचा चेहरा पडला. गोधडी त्याच्या दुकानची. "मावशी, माल एक नंबर है," तो पुटपुटला. "बस पुरानी है. मैं नवी रजई भेज देताव."

चहा झाला. नवीन सून डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी होती, नजर जमिनीवर. सासरे खाटेवर. मी घसा खाकरून, होता तेवढा विनय गोळा करून सांगितलं की हे आंदण नाही, हा ड्रमसेट बँडचा आहे, चुकून आला, आम्ही न्यायला आलो आहोत.

सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"न्यायला? आंदन परत न्यायला?"

"आंदण नाहीये हो ते."

"तुमाला म्हाईत, आमाला म्हाईत. गावाला काय म्हाईत? दारातून नवरीचं सामान टेम्पोत चढताना बघितलं तर लोक काय म्हनतील? हप्ता झाला नाय अन् सून माघारी धाडली म्हनतील!"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "ते न्यायचं नाय. बरोबर बोलती ती."

आता माझा संताप झाला. इतक्या दिवसांचा साठलेला होता, तो सगळा त्या अंगणात बाहेर आला. "नेऊ द्यायचं नाही, वाजवू द्यायचं नाही, मग करायचं काय त्याचं? कुरडया वाळवायच्या? ही पोरगी रोज त्याच्यासमोरून झाडू मारत जाणार आणि हात लावायचा नाही? देवळातल्या मूर्तीलासुद्धा लोक निदान हात जोडतात!"

गिटारवाल्यानं माझी ओढणी हळूच ओढली. सुनेनं पदर आणखी पुढे घेतला.

सासरे शांतपणे म्हणाले, "ठरलंय ते ठरलंय. बंद म्हंजे बंद."

आणि तिथं सासूबाई उसळल्या, पण माझ्यावर नाही. "आवं, ठरलंय तुमचं! बायका येतेत रोज आंदन बघाया, त्यायला काय सांगू? मिक्सर लावून दाखवला, कपाट उघडून दाखवलं, पंखा फिरवून दाखवला. ह्येच्यापाशी आलं की म्हनतेत, ह्ये कसं चालतंय? म्या गप. काल ती वरच्या आळीची म्हनली, मोडकंच दिलंय जनू. आपल्या सुनंच्या आंदनाला मोडकं म्हनती!"

सासरे मिशी ओढत बसले. हा मुद्दा त्यांच्या ध्यानात आला नसावा. घराण्यात आलेली वस्तू मोडकी म्हणवून घेणं हे सुनेनं ढोल वाजवण्याच्या वरचं की खालचं, याचा त्यांनी बराच वेळ हिशेब केला. शेवटी सुनेकडे न बघता म्हणाले, "येक डाव वाजीव. चालू हाय का नाय, तेवढं बघायपुरतं. येकच गानं."

तिनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. आणि त्या पदराआडून ती जी हसली ना, त्या हसण्यावरून मला कळलं की ती कुठलं गाणं वाजवणार. एकच गाणं म्हणजे एकच गाणं. आमच्या संग्रहातलं सर्वांत लांब.

कुरडया उचलल्या, तांब्या उचलला. शेजारपाजारच्या बायका भिंतीवरून डोकावू लागल्या, त्यांत बहुधा ती वरच्या आळीचीही असावी. जोडीतली मांडवात राहिलेली काठी मी पिशवीतून काढून दिली. आमची ड्रमवाली बसली, पदर कमरेला खोचला, हिरव्या बांगड्या मागे सारल्या आणि 'वाट' सुरू केला.

टक्.

शांतता.

सगळे वाट बघत राहिले. मग आणखी एक टक्. पुन्हा शांतता.

"बिघडलंच म्हनायचं," सासरे म्हणाले. सासूबाईंचा जीव खालीवर झाला. "आगं दाब ना जोरात! बटन असंल येखादं!" भिंतीवरच्या बायका एकमेकींना कोपर मारू लागल्या. मी ओठ चावून हसू आवरलं. पाणी यायला वेळ लागतोच.

मग मोटार सुरू झाली. गोधडी धुवायला काढलेली, त्यामुळे ढोल पहिल्यांदाच पूर्ण ताकदीनं घुमला आणि भिंतीवरून दोन बायका मागे पडल्या. सात मात्रा, मग अकरा, मग पुन्हा सात. दोन्ही हात आणि दोन्ही पाय चार दिशांना चाललेले आणि चेहऱ्यावर ते हसू, जे मी त्या बसच्या दिवसापासून पाहिलं नव्हतं. तिला आम्ही दिसतही नव्हतो. नवरा दुकान उघडं टाकून धावत आला आणि दारातच, चपला हातात घेऊन उभा राहिला. मला मोठ्यानं रडू आलं. गिटारवाला खांब वाजवत तोंडानं गिटार म्हणत होता, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही.

ती थांबली तेव्हा घाम तिच्या कुंकवातून खाली आला होता. सासूबाईंनी भिंतीकडे वळून एवढंच म्हटलं, "बघितलं का?"

सुनेनं काठ्या खाली ठेवल्या, पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि खाली बघत उभी राहिली. एक गाणं झालं होतं. ठरल्याप्रमाणे आता बंद. मी टेम्पोची किल्ली गिटारवाल्याच्या हातात दिली. रिकामंच जायचं होतं.

सासरे उठले. त्यांनी ढोलाभोवती एक चक्कर मारली, वाकून खालचं पायडल बघितलं, एक स्क्रू बोटानं पिळून पाहिला. विहिरीवरची मोटार दुरुस्त होऊन आली की शेतकरी बघतो तसं सगळं नीट बघितलं.

"चालू हाय," ते म्हणाले. मग सुनेकडे पहिल्यांदाच सरळ बघून, जरा दरडावल्यासारखं, "पन यंत्राचं काय सांगता येत नसतंय. पडून राह्यलं की जाम व्हतंय. रोज थोडं चालवीत जा."

"व्हय, मामा," ती म्हणाली.